अक्कलदाढ, गरोदरपण आणि 'डिलिव्हरीपर्यंत थांबा' या सल्ल्याचा इतिहास

'नल रिझल्ट' म्हणजे वाया गेलेला प्रयोग, असा समज पीएचडीच्या सुरुवातीला बहुतेकांचा असतो. जे दाखवायला निघालो ते दिसलंच नाही, म्हणजे तीन वर्षं पाण्यात! आज मी तुम्हाला अशा एका प्रयोगाबद्दल सांगणार आहे, ज्याचं मूळ गृहीतक टिकलं नाही, पण त्याच डेटाने दुसऱ्या एका प्रश्नाचं फार मोलाचं उत्तर दिलं. तो प्रश्न अगदी घरगुती आहे. गरोदर बाईची अक्कलदाढ दुखायला लागली तर काय करायचं?

आपल्याकडे याचं एक ठरलेलं उत्तर आहे: 'आता काही करू नकोस, डिलिव्हरीपर्यंत थांब.' सासूबाई हेच सांगतात, शेजारच्या काकू हेच सांगतात, कधी कधी दाताचे डॉक्टरसुद्धा हेच सांगतात. हे उत्तर आलं कुठून, ते कशावर उभं होतं आणि संशोधनाने ते कसं बदललं, हे टप्प्याटप्प्याने बघू.

आधी दुखणं समजून घेऊ

अक्कलदाढ साधारण 17 ते 25 या वयात वर येते. नेमकं याच वयात बऱ्याच बायकांचं पहिलं गरोदरपण येतं, त्यामुळे या दोन गोष्टींची गाठ पडणं हा काही दुर्मिळ योगायोग नाही. जबड्यात जागा कमी असली की दाढ अर्धीच वर येते आणि तिच्यावर हिरडीची एक झडप राहते. त्या झडपेखाली अन्नाचे कण अडकतात, जंतू वाढतात आणि हिरडी सुजते. याला पेरिकोरोनायटिस म्हणतात. गरोदरपणात हार्मोन्स वाढल्यामुळे हिरड्या आधीच नाजूक झालेल्या असतात. त्यात उलट्यांमुळे ब्रश आत घालणं नकोसं होतं. मग नेमकी मागची दाढ घासायची राहते.

बऱ्याचदा हे दुखणं चार दिवसांत बसतं, पण नेहमीच नाही. खालच्या अक्कलदाढेची मुळं जबड्यात अशा ठिकाणी असतात की तिथला पू जिभेखाली आणि गळ्याकडे उतरू शकतो. तोंडाच्या तळाशी आणि मानेत झपाट्याने पसरणाऱ्या अशा संसर्गाचं वर्णन विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग या जर्मन डॉक्टरांनी 1836 मध्ये केलं. आजही त्याला 'लुडविग्ज अँजायना' असंच म्हणतात, आणि त्याचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे खालच्या दाढांचा संसर्ग. सूज वाढली तर श्वास कोंडतो. म्हणजे 'थांबा' या सल्ल्यालाही स्वतःचा धोका आहे. ही गोष्ट डोक्यात ठेवा, ती पुढे पुन्हा लागणार आहे.

भीती आली कुठून?

गरोदरपणात औषधाची भीती वाटण्यामागे एक फार मोठं आणि खरं कारण आहे. 1957 मध्ये पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचं औषध 'कॉन्टरगान' या नावाने बाजारात आलं. ते झोपेचं औषध होतं, आणि गरोदरपणातल्या मळमळीवरही दिलं जाऊ लागलं. सुरक्षित म्हणूनच त्याची जाहिरात होत होती. 1961 च्या शेवटी जर्मनीत विडुकिंट लेन्झ आणि ऑस्ट्रेलियात विल्यम मॅकब्राइड या दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे एक संबंध जोडला: हात-पाय नीट न वाढलेली बाळं आणि आईने घेतलेलं थॅलिडोमाइड. 27 नोव्हेंबर 1961 ला जर्मनीत औषध मागे घेण्यात आलं, पण तोवर जगभरात दहा हजारांहून अधिक बाळांना इजा झाली होती, असा अंदाज आहे. अमेरिकेत मात्र एफडीएच्या फ्रान्सिस केल्सी यांनी 'डेटा पुरेसा नाही' म्हणून परवानगी अडवून धरली होती, आणि त्यामुळे तिथे हे औषध अधिकृतपणे विक्रीला आलंच नाही.

त्याच काळात आणखी दोन धक्के बसले. 1956 आणि 1958 मध्ये इंग्लंडच्या अ‍ॅलिस स्ट्युअर्ट यांनी दाखवलं की गरोदरपणात पोटाचा एक्स-रे काढलेल्या आयांच्या मुलांमध्ये कॅन्सरचं प्रमाण जास्त दिसतं. आणि टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक गरोदरपणाच्या उत्तरार्धात घेतलं तर बाळाच्या दुधाच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग येतात, हेही याच सुमारास लक्षात आलं.

आता दाताच्या डॉक्टरांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. दाढेवर उपचार करायचा तर लागतं काय? एक्स-रे, भुलीचं इंजेक्शन, वेदनाशामक गोळी आणि गरज पडली तर अँटिबायोटिक. चारही गोष्टींवर संशयाची सावली. मग 'डिलिव्हरीनंतर या' म्हणणं हेच सगळ्यांना सोयीचं वाटू लागलं.

कुलूप आपलंच, किल्लीही आतच

इथून पुढचा भाग संशोधन करू पाहणाऱ्यांनी नीट वाचावा. थॅलिडोमाइडनंतर औषधांचे नियम कडक झाले, ते योग्यच होतं. पण 1977 मध्ये एफडीएने अशी मार्गदर्शक सूचना काढली की औषधांच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या चाचण्यांमध्ये मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांना घेऊच नये. ही सूचना 1993 मध्ये बदलण्यात आली. मधली सोळा वर्षं काय झालं असेल? गरोदर बायका तर दूरच, सर्वसाधारण तरुण बायकाही अशा चाचण्यांमधून बाहेर राहिल्या.

म्हणजे एकीकडे नियम असा की पुरावा असल्याशिवाय औषध द्यायचं नाही. दुसरीकडे नियम असा की पुरावा गोळाच करायचा नाही. दोन्ही नियम काळजीपोटी आलेले, पण एकत्र आले की अज्ञान कायमचं होऊन बसतं.

याचं एक उत्तम उदाहरण म्हणजे 1979 मध्ये एफडीएने आणलेली ए, बी, सी, डी, एक्स ही अक्षरं. गरोदरपणातल्या धोक्यानुसार प्रत्येक औषधाला एक अक्षर मिळायचं. त्यातलं 'सी' बघा. प्राण्यांमध्ये वाईट परिणाम दिसला आणि माणसांमध्ये अभ्यास नाही, तर 'सी'. प्राण्यांमध्ये अभ्यास नाही आणि माणसांमध्येही नाही, तरी 'सी'च. 'काहीतरी संशयास्पद दिसलंय' आणि 'कोणी बघितलंच नाही' या दोन पूर्ण वेगळ्या अवस्थांना एकच अक्षर! वाचणारा डॉक्टर दोन्हीचा अर्थ 'नको' असाच घेणार. शेवटी एफडीएने डिसेंबर 2014 मध्ये ही अक्षरं काढून टाकण्याचा नियम केला आणि जून 2015 पासून त्यांच्या जागी सविस्तर माहिती देणं सुरू झालं.

गृहीतक पडलं, पण...

कोंडी फुटली ती भलत्याच दिशेने. 1996 मध्ये अमेरिकेतल्या स्टीव्हन ऑफेनबाखर आणि सहकाऱ्यांनी 124 आयांचा एक केस-कंट्रोल अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या हिरड्यांचा आजार जास्त, त्यांच्यात वेळेआधी जन्मलेल्या कमी वजनाच्या बाळांचं प्रमाण कितीतरी जास्त दिसलं. ऑड्स रेशो होता तब्बल 7.9. साहजिकच सगळ्यांच्या मनात आलं, की हिरड्यांवर उपचार केले तर अकाली प्रसूती टाळता येईल का?

हे तपासायला रँडमाइज्ड ट्रायल हवी होती. आणि इथेच गंमत झाली. 'गरोदर बाईच्या तोंडाला हात लावू नका' ही भिंत ओलांडायला आता एक सबळ कारण मिळालं होतं, ते म्हणजे बाळाचा फायदा! अमेरिकेतल्या चार केंद्रांवर ब्रायन मिकॅलोविच यांच्या गटाने 823 गरोदर बायकांना या ट्रायलमध्ये घेतलं. 413 जणींच्या हिरड्यांची खोल सफाई 21 व्या आठवड्याच्या आत झाली, 410 जणींची बाळंतपणानंतर. निकाल 2006 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. 37 आठवड्यांच्या आत प्रसूतीचं प्रमाण उपचार घेतलेल्या गटात 12.0 टक्के, न घेतलेल्या गटात 12.8 टक्के. म्हणजे फरक जवळपास नाहीच. उपचाराने अकाली प्रसूती टळत नाही.

इथे कोणी फाइल बंद करून टाकली असती. पण तोच निकाल उलट्या बाजूने वाचा: गरोदरपणात भूल देऊन, हिरड्या खरवडून सुद्धा अकाली प्रसूतीचं प्रमाण वाढलं नाही. फायदा शोधायला केलेल्या प्रयोगात सुरक्षिततेचा डेटा आपसूक जमला होता.

याच गटाने 2008 मध्ये त्याच 823 बायकांचा दुसरा हिशोब मांडला. यातल्या 483 जणींना अत्यावश्यक दंतोपचारांची गरज होती, म्हणजे खोल कीड, तुटलेला दात किंवा पू झालेला दात. 351 जणींनी 13 ते 21 आठवड्यांदरम्यान ते उपचार पूर्ण करून घेतले. या बायकांमध्ये आणि उपचारांची गरज नसलेल्या बायकांमध्ये गर्भपात, अकाली प्रसूती किंवा बाळातले दोष यांच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही.

आता एक सूक्ष्म पण महत्त्वाचा मुद्दा. हिरड्यांची सफाई कोणाला कधी, हे चिठ्ठी टाकल्यासारखं यदृच्छेने ठरलं होतं. अत्यावश्यक उपचारांचं तसं नव्हतं, ते गरजेनुसार दिले गेले. त्यामुळे 2006 चा पुरावा आणि 2008 चा पुरावा एकाच वजनाचे नाहीत, जरी डेटा त्याच बायकांचा असला तरी. लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना हा फरक एका ओळीत का होईना, पण नोंदवायलाच हवा.

भूल, एक्स-रे आणि गोळ्या

भुलीचं काय? दाढ काढताना जे इंजेक्शन देतात ते बहुतेक वेळा लिडोकेनचं असतं. हे औषध 1943 मध्ये स्वीडनमध्ये निल्स लॉफग्रेन आणि बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी बनवलं, म्हणजे अनुभव बराच जुना. पण अनुभव म्हणजे अभ्यास नव्हे. 2015 मध्ये इस्रायलमधल्या संशोधकांनी गरोदरपणात दातांसाठी भूल घेतलेल्या 210 बायकांची तुलना न घेतलेल्या 794 जणींशी केली. बाळातल्या मोठ्या दोषांचं प्रमाण होतं 4.8 टक्के विरुद्ध 3.3 टक्के, पी व्हॅल्यू 0.30.

घाईत वाचणारा म्हणेल, '4.8 जास्तच आहे की!' दुसरा घाईत वाचणारा म्हणेल, 'फरक नाही, विषय संपला.' दोघेही थोडे पुढे धावताहेत. 210 जणींमध्ये 4.8 टक्के म्हणजे साधारण दहा बाळं. एवढ्या आकड्यात दोन-तीन बाळांचा फरक योगायोगानेही पडतो. मोठा धोका असता तर तो बहुधा दिसला असता, पण अगदी छोटा धोका पकडायला हा अभ्यास पुरेसा मोठा नाही. इतर पुरावा सोबत ठेवला की मग डॉक्टर म्हणतात, 'गरज असेल तर भूल द्या.' एकट्या अभ्यासावर कोणी हे म्हणत नाही.

एक्स-रेबद्दल: स्ट्युअर्ट यांचा अभ्यास पोटाच्या एक्स-रेचा होता, म्हणजे किरण थेट गर्भावर. दाताच्या एक्स-रेत किरण जबड्यावर असतात आणि गर्भापर्यंत पोचणारी मात्रा नगण्य असते. एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी एकत्र धरल्या गेल्या, इतकंच.

वेदनाशामकांची गोष्ट मात्र उलटी आहे. इथे भीती कमी आणि धोका जास्त. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या घराच्या डब्यात पडलेल्या असतात. गरोदरपणाच्या शेवटच्या टप्प्यात यांच्यामुळे बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी आकुंचन पावू शकते, हे जुनं ज्ञान. ऑक्टोबर 2020 मध्ये एफडीएने त्यात भर घातली: 20 व्या आठवड्यापासूनच बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं, तेव्हा या गोळ्या टाळा. आपल्याकडे सहज मागितली जाणारी कॉम्बिफ्लॅम घ्या. 'त्यात पॅरासिटामॉल आहे' हे खरं, पण सोबत आयबुप्रोफेनही आहे. पाकीट उलटून बघायची सवय इथे कामाला येते.

निव्वळ पॅरासिटामॉलवरही शंका घेतल्या गेल्या: मुलांमध्ये ऑटिझम, एडीएचडी वाढतो का? 2024 मध्ये स्वीडनमधल्या जवळपास 25 लाख मुलांचा अभ्यास आला. सगळ्या मुलांची तुलना केली तर किंचित संबंध दिसत होता. पण एकाच आईच्या दोन मुलांची तुलना केली, म्हणजे एका वेळी गोळी घेतली आणि दुसऱ्या वेळी नाही, तेव्हा तो संबंध नाहीसा झाला. आनुवंशिकता आणि घरची परिस्थिती यांचा घोळ भावंडांच्या तुलनेने कसा सुटतो, हे शिकायला याहून चांगलं उदाहरण क्वचित मिळेल.

घरगुती म्हणजे सुरक्षित?

डॉक्टर नको म्हटल्यावर दुखणारी बाई गप्प बसत नाही, ती घरात उपाय शोधते. महाराष्ट्रात त्यातला एक जुना उपाय म्हणजे मिश्री. तंबाखू भाजून केलेली ही काळी पूड दात-हिरड्यांना लावली की ठणका कमी झाल्यासारखा वाटतो, आणि मग तिची सवय लागते. 2004 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये पी. सी. गुप्ता आणि एस. श्रीविद्या यांचा मुंबईतल्या 1217 गरोदर बायकांचा अभ्यास आला. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांमध्ये सगळ्यात जास्त वापर मिश्रीचाच होता. इतर घटकांचा हिशोब धरूनही त्यांच्या बाळांचं वजन सरासरी 105 ग्रॅमने कमी भरलं.

हे आकडे शेजारी ठेवून बघा. भुलीच्या इंजेक्शनचा मोठा धोका शोधूनही सापडत नाही, पण ते 'धोकादायक'. मिश्रीचा परिणाम तराजूवर दिसतो, पण ती 'घरचीच'.

मग आज उत्तर काय?

2006 मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य विभागाने आणि 2013 मध्ये अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने स्पष्ट सांगितलं की गरोदरपणात दंतोपचार, गरजेचा एक्स-रे आणि भूल सुरक्षित आहेत आणि उपचार लांबवू नयेत. थोडक्यात सांगायचं तर:

- हिरडी सुजली असेल तर दाताचे डॉक्टर झडपेखालची जागा धुऊन साफ करतात. घरी कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. बऱ्याच जणींना एवढ्यावर आराम पडतो.
- दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत आणि लागेल तेवढेच दिवस. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा दुखण्यासाठी अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनाने नको. (स्त्रीरोगतज्ज्ञांनी कमी मात्रेचं अ‍ॅस्पिरिन लिहून दिलं असेल तर तो वेगळा विषय, ते मनाने बंद करू नये.)
- संसर्ग पसरत असेल तर अँटिबायोटिक. अ‍ॅलर्जी नसेल तर अमॉक्सिसिलिनसारखी औषधं चालतात. टेट्रासायक्लिन, डॉक्सिसायक्लिन टाळतात.
- दाढ काढणं थांबण्यासारखं असेल तर बाळंतपणानंतर. नसेल तर दुसरी तिमाही सोयीची. तातडी असेल तर कोणत्याही महिन्यात.
- शेवटच्या महिन्यांत खुर्चीत सरळ उताणं झोपल्यास गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडून रक्तदाब घसरू शकतो. उजव्या कुशीखाली उशी ठेवून थोडं डावीकडे कललं की पुरे.
- तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, ताप आहे, सूज मानेकडे उतरतेय किंवा श्वास घ्यायला त्रास होतोय, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. इथे वाट बघायची नसते.

आणि दाताच्या डॉक्टरांना कितवा महिना चालू आहे ते आधी सांगावं.

तुमच्या कामासाठी

तुमचा विषय रसायनशास्त्राचा असो वा समाजशास्त्राचा, 'सुरक्षितता सिद्ध झालेली नाही' किंवा 'परिणाम सिद्ध झालेला नाही' असं वाक्य कुठे दिसलं, तर तीन गोष्टी तपासा. एक, कोणी शोधलंय का, की शोधलंच नाही? दोन, शोधलं असेल तर नमुना किती मोठा होता, म्हणजे केवढा परिणाम त्यात दिसू शकला असता? आणि तीन, तुलना कशाशी केली? शेवटचा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा राहून जातो. दाढेच्या बाबतीत वर्षानुवर्षं उपचाराची तुलना 'काहीही न होण्याशी' केली गेली. प्रत्यक्षात त्या बाईसमोरचा दुसरा पर्याय होता पू, ताप, रात्रीची झोप नाही, नीट जेवण नाही, डब्यातली कुठलीतरी गोळी आणि चिमूटभर मिश्री. ही तुलना मांडून बघितली असती, तर 'थांबा' हा सल्ला इतकी वर्षं बिनधोक वाटला नसता.